पडद्यावर त्रिकोण फिरतो, पण वहीत काय?

शाळा सुरू झाल्या की पाठोपाठ पालकसभा येते, आणि पालकसभेत अलीकडे एक वाक्य हमखास ऐकायला मिळतं : “आमच्याकडे सगळे वर्ग डिजिटल आहेत.” फळ्याशेजारी मोठा पडदा, त्यावर रंगीत चित्रं, बोटानं सरकवायचा त्रिकोण. मुख्याध्यापक ते कौतुकानं दाखवतात, आपणही कौतुकानं पाहतो. फीच्या पावतीत त्याचा वेगळा आकडा असतो, तोही मुकाट्यानं भरतो. मग सहामाहीचा गणिताचा पेपर हातात येतो. पडदा आहे, त्रिकोण फिरतो आहे, आणि पोरीचा भागाकार मात्र जिथल्या तिथं!

अशा वेळी घरात दोन पक्ष पडतात. आजोबा म्हणतात, “आमच्या वेळी पावकी-निमकी तोंडपाठ होती, या यंत्रांनी मुलांची डोकी बिघडवली.” मुलांचे वडील म्हणतात, “जग कुठं चाललंय, यंत्र हवंच.” आणि निस्तरायचं मात्र तुम्हाला असतं, कारण संध्याकाळी कणीक मळता मळता मुलांचा अभ्यास घेता तुम्ही.

खरं सांगायचं तर हा वादच नीट मांडलेला नाही. पाटा-वरवंटा चांगला की मिक्सर, असं विचारण्यासारखं आहे ते. काय वाटायचंय, किती वाटायचंय आणि वाटणारीला चव कळते का, हे आधी पाहायला नको का? गणिताच्या वर्गापुरतं बोलायचं तर माझ्या मते सारं एकाच गोष्टीवर येऊन ठरतं. यंत्राचं बटण दाबण्याआधी मुलानं स्वतः काही विचार केला होता का? काही अंदाज बांधला होता का, चुकीचा का होईना? केला असेल तर किराणा दुकानातलं साधं कॅल्क्युलेटरही गणित शिकवतं. केला नसेल तर तो महागडा पडदा म्हणजे भिंतीवरचं एक मोठं कॅलेंडर!

नुसती यंत्रं आणून ठेवल्यानं काय होतं, हे जगानं भरपूर पैसे घालून पाहिलं आहे. पेरू देशात खेड्यापाड्यांतल्या शाळकरी मुलांना लॅपटॉप वाटले गेले. तीनशेवर शाळांची पाहणी करून २०१२ साली अहवाल निघाला, तेव्हा गणितात किंवा भाषेत मुलं पुढे सरकल्याचं काही दिसलं नाही. श्रीमंत देशांची ओईसीडी नावाची संघटना आहे, तिनंही २०१५ साली हेच सांगितलं : शाळांतल्या संगणकांवर ज्या देशांनी सढळ हातानं खर्च केला, तिथल्या पंधरा वर्षांच्या मुलांच्या गणितात नाव घेण्यासारखी सुधारणा नाही.

पण म्हणून यंत्र टाकून द्यावं, असं मुळीच नाही. आता वडोदऱ्याची गोष्ट ऐका.

चार संगणक आणि चौथीची मुलं

गायकवाडांचं हे बडोदं आपल्या मराठी माणसांना काही परकं नाही. २००० साली गुजरात सरकारनं तिथल्या पालिकेच्या शंभर प्राथमिक शाळांना प्रत्येकी चार संगणक दिले. दोन वर्षांनी, जून २००२ मध्ये, ‘प्रथम’ या संस्थेनं पाहणी केली. (मुंबईच्या वस्त्यांमधून काम सुरू केलेली हीच ती ‘प्रथम’.) तेव्हा मुलांच्या हाती पोचलेले संगणक फारच थोडे निघाले. आपल्याकडे नाही का, लग्नात आलेला डिनर सेट वर्षानुवर्षं कपाटाच्या वरच्या फळीवर राहतो, तसंच!

मग ‘प्रथम’नं चौथीच्या मुलांसाठी एक बेत आखला. एका संगणकावर दोन मुलं, आठवड्याला दोन तास. त्यातला एक तास शाळेच्या वेळात, एक शाळेच्या आधी किंवा नंतर. पडद्यावर धडा नाही, फिल्म नाही, तर गणिताचे खेळ. जमलं की पुढचं गणित थोडं अवघड, अडलं की थोडं सोपं. शेजारी समजावून सांगणारं माणूसही होतंच. काही शाळांत हे केलं, काही शाळांत नाही, आणि वर्षअखेरीला दोन्हीकडच्या मुलांची परीक्षा घेतली. शंभर मुलांच्या रांगेत बरोबर मधोमध उभं असलेलं मूल एका वर्षात साधारण चौदा जागा पुढे गेलं, इतका फरक पडला. दुसऱ्या वर्षी त्याहूनही थोडा जास्त.

या अभ्यासात अभिजित बॅनर्जी आणि एस्थर डुफ्लो हे दोघं होते. २०१९ साली अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं तेच हे पतिपत्नी. (आणि जाता जाता : अभिजितबाबूंच्या आई निर्मला बॅनर्जी या स्वतः नामांकित अर्थतज्ज्ञ, आणि माहेरच्या पाटणकर, बरं का!) त्यांनी लपवाछपवी मात्र केली नाही. भाषेच्या गुणांवर या खेळांचा परिणाम झाला नाही, हे सांगितलं. खेळ थांबल्यावर वर्षभरानं पुन्हा तपासलं तेव्हा गणितातला फायदाही बराचसा ओसरला होता, थोडाच उरला होता, हेही सांगितलं. म्हणजे व्यायामासारखंच आहे हे. सोडला की सुटला.

आता पाहा, संगणक तेच, शाळा त्याच, शिक्षकही तेच. आधी ते निपचित पडले होते, आणि नंतर मुलं त्यांच्यापुढे बसून स्वतः डोकं चालवू लागली. मला तर त्यातलं ‘एका संगणकावर दोन मुलं’ हे फार आवडलं. सरकारनं चारच दिले म्हणून तसं करावं लागलं असेल, पण दोघं बसली की बोलावं लागतं. “अगं, सात नाही, नऊ!” “का?” या ‘का’मध्ये निम्मं गणित आहे.

दिल्लीचा अनुभवही असाच. तिथं सहावी ते नववीच्या मुलांसाठी शाळेनंतरच्या केंद्रांत ‘माइंडस्पार्क’ नावाचा कार्यक्रम होता. प्रवेश कुणाला द्यायचा हे चिठ्ठ्या टाकून ठरवलं, म्हणजे तुलना चोख व्हावी. पहिल्याच चाचणीत दिसलं ते मन विषण्ण करणारं होतं. सहावीत बसलेलं मूल गणितात सरासरीनं दोन-अडीच इयत्ता मागे होतं, आणि वरच्या वर्गांत ही दरी आणखीच रुंद होती. वर्गात बाई अपूर्णांकांचा भागाकार शिकवताहेत आणि मूल हातच्याच्या वजाबाकीत अडकलेलं! त्याला काय कळणार? कार्यक्रमानं केलं एवढंच, की प्रत्येक मूल जिथं अडलं होतं तिथून त्याला गणितं दिली. साडेचार महिन्यांत मुलं लक्षात येण्याजोगी पुढे गेली. २०१९ साली हा अभ्यास प्रसिद्ध झाला. पन्नास-साठ मुलांच्या वर्गात एकट्या बाईंना प्रत्येकाची अडलेली जागा शोधणं शक्य नसतं, तिथं यंत्राची खरी मदत होते. तिथंही रोजच्या दीड तासातली पाऊण तास यंत्र आणि पाऊण तास शिकवणारं माणूस अशी वाटणी होती, हे विसरू नका.

फिरणारा चौकोन

आता वरच्या वर्गांकडे, भूमितीकडे येऊ. भूमिती म्हटलं की आपल्यापैकी कितीजणींच्या पोटात आजही गोळा येतो! पक्ष, साध्य, सिद्धता, आणि ती पाठ करण्याची धडपड. आकृती पुस्तकात होती तशीच काढायची. अक्षरं बदलली की संपलंच.

‘जिओजेब्रा’ नावाची एक सोय आहे. ऑस्ट्रियातल्या साल्झबर्ग विद्यापीठात शिकणाऱ्या मार्कुस होहेनवार्टर यांनी ती २००१-०२ च्या सुमारास आपल्या पदवीच्या प्रबंधासाठी तयार केली. शाळेसाठी आणि घरी शिकण्यासाठी ती फुकट मिळते, मोबाइलवरही चालते. केरळच्या सरकारी शाळांनी ती मनापासून वापरली आहे, आणि आपल्या बालभारतीच्या २०१७-१८ मध्ये बदललेल्या नववी-दहावीच्या पुस्तकांतही ती वापरून पाहा असं सुचवलं होतं. तिच्यात काढलेली आकृती मेलेली नसते. कोपरा धरून ओढला की सारी आकृती त्याबरोबर हलते.

पण ती वर्गात वापरायचे दोन प्रकार आहेत, आणि दोन्हींत जमीन-अस्मानाचं अंतर आहे.

पहिला प्रकार : सर पडद्यावर आकृती काढतात, कोपरा ओढतात, “पाहिलंत? सिद्ध झालं,” म्हणतात. मुलं “हो” म्हणतात. घंटा होते.

दुसऱ्या प्रकारात बाई पडद्याला हातच लावत नाहीत. आधी सांगतात, “वहीत एक चौकोन काढा. चौरस नको, आयत नको. जितका वेडावाकडा काढता येईल तितका काढा. आता चारही बाजूंचे मध्यबिंदू मोजून घ्या आणि ओळीनं जोडा.” चाळीस मुलं चाळीस वेडेवाकडे चौकोन काढतात. आत एक नवा चौकोन तयार होतो. “काय दिसतंय?” कुणी म्हणतं, माझा जरा सरळ आला. शेजारीण म्हणते, माझापण. मागच्या बाकावरून आवाज येतो, “बाई, सगळ्यांचाच समांतरभुज आलाय!” बाई विचारतात, “योगायोग असेल का? कुणाला असा चौकोन सुचतो का, की ज्यात हे फसेल?” मुलं हिरिरीनं पुढे येतात. आता पडदा उघडतो. एकेकजण कोपरा धरून चौकोन ताणतो, चेपतो, बाणाच्या टोकासारखा आत वळवतो. आतला चौकोन आकार बदलतो, पण समांतरभुजच राहतो. कुणालाच तो मोडता येत नाही.

मग बाई तो मोठा प्रश्न विचारतात, “का?” इथं यंत्राचं काम संपलं. ते हजार चौकोन दाखवील, कारण सांगणार नाही. कारण वहीतच सापडतं. मूळ चौकोनाचा एक कर्ण काढा. त्याच्या दोन्ही बाजूंना एकेक त्रिकोण झाला. त्रिकोणाच्या दोन बाजूंचे मध्यबिंदू जोडणारी रेघ तिसऱ्या बाजूला समांतर आणि तिच्या निम्मी असते, हे मुलांनी आधी शिकलेलं असतं. म्हणजे आतल्या चौकोनाच्या समोरासमोरच्या दोन बाजू एकाच कर्णाला समांतर आणि दोन्ही त्याच्या निम्म्या. मग चौकोन समांतरभुज होणार नाही तर काय! वारिन्याँ नावाच्या फ्रेंच गणितज्ञाचं हे प्रमेय. त्याच्या मृत्यूनंतर १७३१ साली छापलं गेलं. तीनशे वर्षांपूर्वीचं गणित, पण मुलांना वाटतं आपणच शोधलं. ज्या मुलीनं तो चौकोन मोडायची धडपड केली, तिला ही सिद्धता पाठ करावी लागत नाही.

घरी करून पाहायचंय? जुन्या कॅलेंडरच्या पाठीमागे असाच चौकोन काढा, कोपरा आत वळलेला मात्र नको. मध्यबिंदू जोडा आणि कोपऱ्यांचे चार त्रिकोण कापून काढा. ते आतल्या चौकोनावर ठेवून पाहा. जरा फिरवावे-सरकवावे लागतील, पण नेमके बसतात, ना कमी ना जास्त. म्हणजे आतला चौकोन मूळच्या बरोबर निम्मा. एक कात्री आणि एक रविवार दुपार, बस्स. ज्याला कापड बेतायची सवय आहे तिला हे मुलांपेक्षा आधी जमेल, पण तुम्ही गप्प राहा. मुलांना झटू द्या.

वाण्याचं कॅल्क्युलेटर

पडदा आणि संगणक सगळ्याच शाळांत नसतात. कॅल्क्युलेटर मात्र आता मोबाइलच्या रूपानं घराघरात आहे, आणि सगळ्यात जास्त भांडणं त्याच्यावरूनच होतात. भांडण जुनं आहे. १९७२ साली अमेरिकेत खिशात मावणारं शास्त्रीय कॅल्क्युलेटर निघालं, तेव्हा त्याची किंमत ३९५ डॉलर होती. बघता बघता ही यंत्रं स्वस्त झाली, आणि १९८० साली तिथल्या गणितशिक्षकांच्या परिषदेनं सर्वच इयत्तांत ती वापरावीत असा आग्रह धरला. पालकांनी ओरड केली, मुलं पाढे विसरतील! १९८६ साली दोघा संशोधकांनी तोवर झालेले ७९ अभ्यास एकत्र तपासले. नेहमीच्या शिकवण्याच्या जोडीनं कॅल्क्युलेटर वापरणाऱ्या मुलांचं हातानं करायचं गणित बिघडलं नव्हतं, उलट सर्वसाधारण मुलांचं सुधारलं होतं. अपवाद एकच, चौथी. त्या वयात सतत वापरानं नुकसान झाल्यासारखं दिसलं. आपल्या आया काय सांगायच्या? आधी हातानं पोळी गोल लाटायला शीक. तेच हे.

तेव्हा पाढे आणि साध्या क्रिया पक्क्या होईपर्यंत कॅल्क्युलेटर कपाटात, हे आजोबांचं म्हणणं मान्य. दहावीच्या परीक्षेतही आपल्याकडे ते चालत नाही, हेही ध्यानात असू द्या. पण पाचवी-सहावीपासून पुढे त्याच यंत्राशी खेळून मुलांना जे कळतं, ते दहा उदाहरणं सोडवून कळत नाही.

एक गंमत आजच करा. २० रुपयांची कोथिंबीर घेतली आणि ३० रुपयांना एक असे ४ नारळ. किती झाले? तुम्ही चटकन म्हणाल १४०. आता दुकानातल्या साध्या कॅल्क्युलेटरवर २० अधिक ३० गुणिले ४ असं ओळीनं दाबा. उत्तर येईल २००! तेच मोबाइलवर दाबा, १४० येतील. मुलांना विचारा, यंत्र बिघडलं का? नाही. साधं यंत्र जसजसं बटण दाबाल तसतसं करत जातं. आधी वीस आणि तीस पन्नास केले, मग त्याची चौपट. मोबाइलला मात्र ‘कंचेभागुबेव’ शिकवलेलं असतं. आधी गुणाकार, मग बेरीज. शाळेत घोकलेला तो नियम का असतो, हे नारळाच्या हिशेबात मुलांना पहिल्यांदा पटतं. आणि वाणी का फसत नाही? तो आधी नारळांचा गुणाकार करून बाजूला साठवतो, मग कोथिंबीर मिळवतो. त्याच्या कॅल्क्युलेटरवरचं ‘एम’ लिहिलेलं बटण त्यासाठीच असतं. मुलाला पुढच्या वेळी दुकानात पाठवाल तेव्हा पाहायला सांगा.

दुसरा खेळ दोघांत खेळायचा. एकानं म्हणायचं, “सत्तावीसला कितीनं गुणलं तर शंभर येतील?” भागाकार करायचा नाही, फक्त गुणून पाहायचं. आणि प्रत्येक वेळी अंदाज आधी कागदावर लिहायचा, मगच बटण. चार? १०८, जास्त झाले. तीन? ८१, कमी. साडेतीन? ९४.५. मग ३.७ केलं की ९९.९! मुलं किंचाळतात. ३.७१ केलं तर शंभराच्या वर. ३.७०५, तरी वर. ३.७०३, खाली. असं जवळ जवळ जात राहतात, पण नेमके शंभर काही हाती लागत नाहीत. शेवटी कुणीतरी शंभराला सत्तावीसनं भागतं आणि दिसतं : ३.७०३७०३७०३... तेच तीन अंक पुन्हा पुन्हा. ‘आवर्ती दशांश’ हा पुस्तकातला रुक्ष शब्द अशा वेळी शिकवला तर कायमचा बसतो. याच खेळात “शंभरला कितीनं गुणलं तर सत्तावीस येतील?” असं विचारा. गुणलं की संख्या वाढतेच, अशी बहुतेक मुलांची (आणि मोठ्यांचीही!) पक्की समजूत असते. ती इथं फुटते.

या सगळ्यात कागदावर आधी अंदाज लिहिणं, ही पायरी गाळू नका. ती गाळली की खेळ नुसता बटणं दाबण्याचा होतो. आपल्या आज्या पावकी-निमकीच्या जोरावर सव्वा शेर तुपाचा भाव तोंडी सांगत, त्यांचा हातखंडा खरा तो अंदाजाचा होता. यंत्रावर ‘१४’ऐवजी ‘१४०’ दाबलं गेलं तर मुलाला “काहीतरी चुकलं” असं वाटलं पाहिजे. ते वाटणं यंत्र शिकवत नाही.

उत्तर देणारा मोबाइल

आतापर्यंत सांगितलं ते सगळं गोडीगुलाबीचं झालं. आता जरा काळजीचं बोलू. कॅल्क्युलेटर फक्त आकडेमोड करी. पण २०१४ साली क्रोएशियातल्या मंडळींनी ‘फोटोमॅथ’ आणलं. वहीतल्या गणिताचा फोटो काढायचा की पायऱ्यांसकट उत्तर तयार. आता तर चॅटजीपीटीसारखी संभाषण करणारी यंत्रं आहेत, त्यांना मराठीत विचारलं तरी चालतं. आठवी-नववीचं मूल दार लावून “अभ्यास” करतं, गृहपाठ लख्ख पूर्ण असतो, बाईंचा शेरा ‘छान’, आणि परीक्षेत कोरा पेपर. हे तुमच्या घरी घडत असेल तर तुम्ही एकट्या नाही.

तुर्कस्तानातल्या एका माध्यमिक शाळेत सुमारे हजार मुलांवर याचा नीट प्रयोग झाला. अमेरिकेतल्या पेन्सिल्व्हेनिया विद्यापीठाच्या संशोधकांनी त्यात पुढाकार घेतला होता. नववी ते अकरावीच्या वर्गांचे तीन गट केले. एका गटानं गणिताचा सराव नेहमीसारखा वही-पुस्तक घेऊन केला. दुसऱ्याला जीपीटी-४ हे यंत्र मोकळं दिलं. तिसऱ्यालाही तेच यंत्र दिलं, पण शिक्षकांनी त्याला आधी शिकवून ठेवलं होतं : उत्तर द्यायचं नाही, पुढची पायरी सुचवायची, आणि मुलं इथं इथं चुकतात तिथं सावध करायचं.

सरावाच्या वेळी मोकळं यंत्र मिळालेल्या मुलांचे गुण वही-पुस्तकवाल्यांपेक्षा ४८ टक्क्यांनी जास्त आले, आणि शिकवलेलं यंत्र मिळालेल्यांचे तर १२७ टक्क्यांनी! पाहणाऱ्याला वाटावं, वा, काय प्रगती! मग यंत्रं काढून घेतली आणि लगेच परीक्षा घेतली. मोकळ्या यंत्राची सवय झालेली मुलं, ज्यांनी यंत्र पाहिलंही नव्हतं त्यांच्यापेक्षा १७ टक्के मागे पडली. सूचना देणाऱ्या यंत्राची मुलं मात्र मागे पडली नाहीत, वही-पुस्तकवाल्यांच्या बरोबरीनं राहिली. आणि सगळ्यात विचार करायला लावणारी गोष्ट ही, की मागे पडलेल्या मुलांना आपण कमी शिकलो याचा पत्ताच नव्हता. हा अभ्यास २०२५ साली अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीच्या नियतकालिकात छापून आला.

दुसऱ्या आणि तिसऱ्या गटाचं यंत्र एकच होतं, हे नीट पाहा. फरक एवढाच की एकानं उत्तर हातात ठेवलं, दुसऱ्यानं मुलाला उत्तरापर्यंत चालवत नेलं. त्यातही मोठा फायदा दिसला असं नाही, नुकसान टळलं एवढंच. जाहिरातदार कितीही काही म्हणोत.

म्हणून मोबाइल हिसकावून घेण्याआधी घरात एक शिस्त लावून पाहा. गणित अडलं तर आधी दहा मिनिटं वहीत झगडायचं, आणि कुठवर जमलं ते दिसलं पाहिजे. मग मोबाइलला विचारायचं, पण असं : “मी इथवर आलो आहे, पुढची एकच पायरी सुचव, उत्तर सांगू नकोस.” मुलांना हे वाक्य पाठ करून द्या. मग मोबाइल पालथा ठेवून तेच गणित आकडे बदलून पुन्हा सोडवायचं. जमलं तर आलं. आणि हो, ही यंत्रं कधी कधी भलत्या आत्मविश्वासानं चुकीचं उत्तर ठोकून देतात. मुलानं ती चूक पकडली तर त्या दिवशी शिऱ्याची मेजवानी द्यायला हरकत नाही!

मुलीच्या हातातलं यंत्र

आता जरा आपल्या घरातच डोकावून पाहू. २०२३ साली ‘असर’ची चौदा ते अठरा वर्षांच्या ग्रामीण मुलामुलींची पाहणी झाली. स्मार्टफोन वापरता येणाऱ्या मुलग्यांपैकी शंभरातल्या जवळजवळ ४४ जणांकडे स्वतःचा फोन होता, मुलींपैकी फक्त २० जणींकडे. पाहणी खेड्यांतली आहे, पण शहरातल्या आपल्या घरांत तरी घरातला जुना फोन आधी कुणाला मिळतो? मुलाला, “त्याला प्रोजेक्ट असतो” म्हणून. वर्गातही पडद्यापाशी कोपरा ओढायला धावतात ते बहुधा मुलगेच. मुली वहीत सुबक अक्षरात उतरवून घेतात. मुलीनं यंत्राशी झटापट केलीच नाही तर तिला “गणित माझा प्रांत नाही” असं वाटायला वेळ लागत नाही. त्यातून आपण तिच्यादेखत म्हणतो, “मलाही कधी गणित आलं नाही गं!” हे वाक्य मात्र आजपासून बंद करा.

डॉ. मंगला नारळीकरांचं उदाहरण या बाबतीत आठवण्यासारखं आहे. लग्न, परदेशातला संसार, तीन मुली, घरातली वडीलधारी माणसं हे सगळं सांभाळून त्यांनी १९८१ साली मुंबई विद्यापीठाची गणितातली पीएच.डी. मिळवली. पुढे त्यांनी मुलांसाठी ‘गणितगप्पा’ लिहिलं, बालभारतीच्या गणिताच्या पुस्तकांसाठी झटल्या. २०२३ साली त्या गेल्या. आपल्यापैकी सगळ्यांना पीएच.डी. थोडीच करायची आहे! पण दुपारी तासभर मुलीशेजारी बसून, तिच्याच मोबाइलवर तो वेडावाकडा चौकोन ओढून पाहायला कुणाची परवानगी लागते? दहावीनंतर गणित सुटलेल्या आईला ते पुन्हा उघडताना पाहणं, हा मुलीला एक वेगळाच धडा असतो.

राहता राहिली पालकसभा. या खेपेला “पडदा किती इंची आहे” हे विचारू नका. विचारा, की आठवड्यातून किती वेळा मुलं स्वतः तो वापरतात, का फक्त सर वापरतात? पडदा सुरू होण्याआधी मुलं वहीत काय लिहितात? मागे पडलेल्या मुलाला त्याच्या जागेवरून सुरुवात करून देण्याची काही सोय त्यात आहे का, की सगळ्यांना एकच धडा? मुलींची पाळी येते का? एखाद्या तासाला मागच्या बाकावर बसू द्याल का, असंही विचारून पाहा. दोघी-तिघींनी मिळून विचारलं की सहसा नाही म्हणवत नाही. आणि बसलात तर पडद्याकडे फार पाहू नका, शेजारच्या बाकावरच्या वह्या पाहा. त्यात खाडाखोड आहे का, ते पाहा. संध्याकाळी घरी आल्यावर मुलीला “आज काय शिकवलं?” असं न विचारता “आज तुझा कुठला अंदाज चुकला?” असं विचारा, आणि ती सांगत असताना गॅस जरा बारीक करून ऐका.